टिंबाली आणि फ्रिजवरचा लोहचुंबक

सोमवार, ४

ही वही मी पुराव्यासाठी लिहायला घेतोय. उद्या कोणी म्हणालं की असं काही झालंच नव्हतं, तर तारखेनिशी दाखवता आलं पाहिजे.

आज तालीम संपल्यावर मास्तरांनी मला थांबवून घेतलं. मास्तर पियानो वाजवतात आणि आमचा सात जणांचा ग्रुप चालवतात. एरवी बोलताना त्यांचं अर्धं लक्ष कुठल्या तरी वायरीकडे असतं. आज मात्र बरोब्बर माझ्यासमोर उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तीस तारखेच्या कार्यक्रमापासून ड्रम्सवर माझी भाची बसेल. तुम्ही टिंबाली वाजवायची."

टिंबाली म्हणजे पत्र्याच्या अंगाचे दोन ड्रम, एक लहान, एक मोठा. खालून उघडे, वर एकच स्किन ताणलेली, मध्ये एक घंटा अडकवलेली. बारीक काड्यांनी उभ्याने वाजवायचे. ग्रुपकडे सेट नाही, मलाच घ्यायचाय. "परवडेल असा घ्या, पण स्टेजवर दोन तास टिकेल असा घ्या," म्हणाले.

मी विचारलं, नाही मिळाला तर?

"तर तीस तारखेला तुम्ही नसाल. आणि ते मला नको आहे."

हे शेवटचं वाक्य कशाला जोडलं? सव्वीस वर्षं मी ड्रम्सवर या ग्रुपच्या पाठीशी बसलोय. बसलेल्या माणसाला उभं करतात ते दाराकडे पाठवायलाच. गेल्या महिन्यात दोनदा मला म्हणाले होते की झांजा जरा हळू. मी हळूच मारत होतो. भाचीला बसवायचं तर निमित्त हवं, ते तेव्हापासून गोळा करत होते.

बुधवार, ६

आणखी एक नोंद करून ठेवतो, कारण मला दोन्हींचा संबंध दिसतोय.

कारखान्यात आम्ही फळं डब्यात बंद करतो. बंद डब्यात हवा शिरलेली नाही ना, हे झाकणावर लोखंडी काडीने टिचकी मारून ऐकायचं असतं. चांगला डबा टणकन बोलतो, वाईट डबा टप्प करतो. हे काम एकोणीस वर्षं माझ्याकडे होतं. मी दिवसाला दोन-दोन हजार डबे वाजवायचो आणि वर गप्पाही मारायचो. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिलं आणि मला लेबलं चिकटवायला बसवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "जरा आराम करा." आराम मागितला कोणी होता?

इकडून काडी काढून घेतली, तिकडून काड्या. एकाच महिन्यात. साहेब आणि मास्तर एकमेकांना ओळखत नाहीत असं सगळे म्हणतात. मी विचारून बघणार आहे.

शनिवार, ९

मेव्हण्याच्या गाडीतून वाद्यांच्या दुकानात गेलो. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. न बोलावता आला. "दाजी, मी येतो बरोबर," म्हणाला. याला टिंबाली आणि टेबल यातला फरक कळत नाही. हिनेच धाडला असणार माझ्यावर नजर ठेवायला.

जाताना मी फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात टाकला. पितळेला चुंबक चिकटत नाही आणि दुकानदाराला ते ठाऊक असलं तरी गिऱ्हाइकाला ठाऊक असेल असं त्याला वाटत नाही. अगदी तसंच झालं. पहिलाच सेट पिवळाधमक. "पितळी आहे," म्हणाला. मी चुंबक लावला, टक्कन चिकटला.

"मी पितळी रंग म्हटलं," दुकानदार म्हणाला.

आता मला टोपी घालता येणार नाही हे त्याला कळलं. मग त्याने आतून दुसरा सेट काढला. साधा लोखंडी, किंमत आवाक्यातली, स्टँड जाडजूड, हलवून बघितला तर जागचा ढळत नव्हता. वरवर सगळं ठीक. वाजवून बघितला तर मुडदा. घंटासुद्धा लाकडावर मारल्यासारखी. लहान टिंबाली कशी कडाडली पाहिजे, तर हिच्यात काही प्राणच नाही. मी चावी मागितली आणि स्किन ताणली. पुन्हा मारली, पुन्हा ताणली. मेव्हण्याने कानांत बोटं घातली, दुकानदाराने डोळे मिटले, गिटार बघायला आलेलं एक जोडपं बाहेर निघून गेलं. नाटकं सगळी. मी आणखी दोन आटे दिले आणि स्किन फाटली.

दुकानदाराने नव्या स्किनचे पैसे घेतले. जुनी जीर्ण स्किन लावून ठेवली होती मुद्दाम, म्हणजे कोणी ताणून बघितलं की गळ्यात मारायची. मी तसं स्पष्ट बोललो. तो मेव्हण्याकडे बघत राहिला आणि मेव्हणा माझ्यावतीने सॉरी म्हणाला. कोणाच्या बाजूचा आहे हा?

घरी आलो तर ही फ्रिजपाशी. चुंबकाखाली हिची कसली तरी चिठ्ठी होती म्हणे, ती सापडत नाही. मी चुंबक परत दिला नाही, अजून लागणार आहे.

मंगळवार, १२

कामावरून परस्पर एक जुना सेट बघायला गेलो. विकणारा म्हणाला, फक्त सहा महिने वापरलाय. स्टँडची पकड ढिली, दर चार ठोक्यांना लहान टिंबाली माझ्याकडे मान टाकायची. तोही मुडदाच. हल्ली पत्राच वाईट येतो की काय कळत नाही.

सहाला घरी पोचलो तर ही चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. तोंड फिरवून. "चार वाजता जायचं होतं," म्हणाली. "दोनदा सांगितलं होतं तुम्हाला." मला कोणी काही सांगितलेलं नाही.

कुठे जायचं होतं विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यात." तुला काय झालंय, म्हटलं.

"मला काही झालेलं नाही," म्हणाली आणि आत गेली.

खरंच काही झालं नसेल तर बाई दवाखान्याची वेळ घेईल कशाला? लपवतेय माझ्यापासून. टिंबालीवरून मन उडालं क्षणभर.

गुरुवार, १४

घरात शिरलो तर स्वयंपाकघरात ही आणि मेव्हणा डोक्याला डोकं लावून बोलत होते. दारापासून मला काही ऐकू येईना, एवढ्या दबक्या आवाजात. मी दिसलो तशी दोघांनी मिठाची गुळणी धरली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, केव्हाची बेल वाजवताय की काय? नाही, दार आम्हीच उघडं ठेवलं होतं." मी बेल वाजवली नव्हती. बोलायचं म्हणून काहीतरी बोलला.

पाणी कुठे मुरतंय ते बघायला मी बाहेर बसून कानोसा घेतला. उपयोग झाला नाही. मध्येच ही बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता उठली आणि गॅस बंद करून आली. आमची किटली शिट्टीची आहे, पण तिची शिट्टी कधीची बिघडलीय. हिला पाणी उकळल्याचं कसं कळतं देव जाणे. मी म्हटलं, नवी किटली आणू. म्हणाली, "किटली चांगली आहे." आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच कसंतरी झालं.

आजार मोठा असेल का? मेव्हण्याला सांगितलं आणि मला नाही, हे जिव्हारी लागलं.

रविवार, १७

मास्तरांनी एक पत्ता दिला. एक जुने टिंबालीवाले आहेत, वाजवणं सोडलंय, सेट स्वस्तात देतील. मास्तरांनी दिलेला पत्ता म्हणजे मी दोनदा विचार केला. पण तेरा दिवस उरलेत.

तिसरा मजला. एकच खोली, खिडकीशी सेट, त्यावर जुनी चादर. काका पंच्याहत्तरीचे असतील. तारस्वरात बोलतात, म्हातारी माणसं बोलतात तसं. चादर काढल्या काढल्या स्वतःच म्हणाले, "लोखंडी आहे, पितळ नाही." मी तरी चुंबक लावला. लोखंडीच होता. असं आधीच खरं सांगून टाकणारा विक्रेता मी आजवर बघितला नव्हता, म्हणून जास्तच सावध झालो.

किंमत ऐकली तर दुकानाच्या निम्मी. एवढं स्वस्त का, विचारलं.

"वाजवायचं सोडलं म्हणून."

"का सोडलं?"

त्यांनी कानाला बोट लावलं. वयच झालं, होणारच.

मी वाजवून बघितलं. हाही मुडदा. मी चावी मागितली तर दिली नाहीत. मी वाजवत होतो आणि काका लहान टिंबालीच्या अंगावर तळवा ठेवून उभे. "फार जोरात मारतोस," म्हणाले. मग एकदम, "बायको काय म्हणते?"

माझ्या बायकोशी यांचा काय संबंध? मी म्हटलं, ठीक आहे. चहा आला तो बिनसाखरेचा. मी बिनसाखरेचा पितो हे यांना कोणी सांगितलं? विचारलं तर हसले नुसते. इथे काहीतरी शिजतंय आणि ते चहापेक्षा जास्त आहे.

सेट लगेच देत नाहीत. अट घातलीय की दोन सकाळी येऊन त्यांच्यासमोर वाजवायचं, मग न्यायचा. फुकटची सोबत हवी असेल म्हाताऱ्याला. पण किंमत बघता मी हो म्हटलं. दुसरा सेट मला मिळणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

बुधवार, २०

सुट्टी टाकून गेलो. काकांनी कापसाचे बोळे दिले आणि म्हणाले, "कानांत घाल." स्वतः काड्या घेतल्या, माझा डावा तळवा टिंबालीच्या अंगावर ठेवला आणि वाजवायला लागले. म्हणाले, काय कळतं ते सांग.

आधी काही कळेना. मग कळायला लागलं की ठोका कडेला बसला की पत्रा बारीक थरथरतो, मध्यावर बसला की दंडापर्यंत चढतो. स्किन लावायची तीही हातानेच शिकवली. प्रत्येक स्क्रूजवळ अंगठ्याने दाबायचं, सगळीकडे सारखं दबलं की झालं. आवाज ऐकायचाच नाही.

मला गंमत वाटली. चाळीस वर्षं वाजवतोय, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं. गंमत वाटली म्हणून संशय गेला असं नाही. आपला सेट कानांत कापूस घालून ऐकायला लावणाऱ्याला काहीतरी झाकायचं असणारच.

शुक्रवार, २२

आज काकांनी आपली कर्मकथा सांगितली. ऐन भरात असताना त्यांचा सेट एकाएकी फुसका वाजायला लागला म्हणे. बदलला. दुसराही फुसका निघाला. दुकानदाराशी भांडले. तिसरा घेतला. मग त्यांना वाटायला लागलं की ट्रम्पेटवाला मुद्दाम आपल्यावर चढून वाजवतो, आणि गायिका आपल्याला काही सांगतच नाही. एक दिवस भर तालमीत काड्या फेकल्या आणि ग्रुप सोडून चालू पडले. कोणी अडवायला आलं तर त्यालाही चार शब्द सुनावले. पुन्हा कोणी बोलावलं नाही.

"मग चौथा सेट घेतला, तो हा," म्हणाले. "हाही फुसकाच."

"मग?"

"मग काय? सेट चारही चांगलेच होते रे."

हे मला का सांगितलं ते कळलं नाही. विकणाऱ्याने आपलाच माल फुसका म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात चांगला म्हणायचा, यात काय डाव असेल याचा घरी येईपर्यंत विचार केला. डाव सापडला नाही. सेट मात्र घेतला. मेव्हण्याने तीन मजले उतरवला आणि एकदाही कुरकुरला नाही, हेही लिहून ठेवतो.

सोमवार, २५

नव्या सेटवर पहिली तालीम. पुरावा म्हणून जागा नोंदवतो, कारण सगळ्या बदलल्यात. मला लाकडी फळ्यांवर उभं केलंय आणि बेसवाल्याचा स्पीकर माझ्या पायाशी, त्याच फळ्यांवर. मास्तरांनी पियानो तिरका करून तोंड माझ्याकडे केलंय. एवढी वर्षं मला त्यांची फक्त पाठ दिसायची.

गाणं सुरू झालं आणि मला जे दिसलं ते असं. कडव्याआधी मास्तर मान हलवतात. भाची काडी वर उचलते. बेसवाला टाच आपटतो. गायिकासुद्धा हात मागे नेऊन दोन बोटं दाखवते. सगळ्यांच्या आपसात खुणा चालल्यात आणि मी एकटाच त्यातून बाहेर. खुणा ठरल्या केव्हा? माझ्या पाठीमागेच ना?

एक कबूल केलं पाहिजे. फळ्यांतून बेस थेट पोटरीत शिरतो आणि आज माझा एकही ठोका चुकला नाही. पण मी ठरवलंय, शनिवारी कार्यक्रमात डोळ्यांत तेल घालून बघायचं की या खुणा नक्की कोण कोणाला करतंय.

बुधवार, २७

माझी खात्री होती की टेबलावरच्या बाई वाईट डबे पुढे सोडतात. आज जेवणाच्या सुट्टीत त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून त्यांच्याच टेबलावरचे दहा डबे माझ्याकडे ओढले. बाईंनी अडवलं नाही. "बघा की," म्हणाल्या. "मी कुठे जाणाराय." आणि आपला जेवणाचा डबा उघडून बसल्या.

काडी घेतली. पहिला डबा टप्प. दुसरा टप्प. दहाच्या दहा डबे टप्प वाजले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दहाही वाईट. आता साहेबांना बोलावतो आणि बाईंची चांगली हजेरी घेतो, असं म्हणून उठलोसुद्धा.

पण दहाच्या दहा वाईट कसे असतील? एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुन्हा खाली बसलो. आणि कशी कोण जाणे, काकांची सवय लागली म्हणून, डावा तळवा डब्याच्या अंगाला लावला आणि टिचकी मारली. डबा थरथरला. बारीक, लांबपर्यंत. दुसराही थरथरला. तिसरा मेलेला, हाताला काहीच नाही. असे दहा डबे केले. सात एका बाजूला, तीन एका बाजूला.

बाईंनी जेवता जेवता बघितलं आणि म्हणाल्या, "उलटे करा." वाईट डब्यांच्या बुडाला त्या खडूने फुली मारतात. मी दहाही उलटे केले. फुल्या माझ्या तीन डब्यांवर होत्या.

सात डबे टणटण वाजत होते. माझ्या तळव्याला कळत होतं की वाजतायत. मला वाटलं त्यापेक्षा जास्त भीती वाटली. बाईंनी त्यांच्या जेवणातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

गुरुवार, २८

किटली ठेवली आणि समोर उभा राहिलो. वाफ आली. रुमाल धरून शिट्टीवर बोट टेकवलं. बोटाला मुंग्या आल्या. शिट्टी चांगली आहे.

शुक्रवार, २९

ही बाजारात गेल्यावर फ्रिज पुढे ओढला. चिठ्ठी मागे पडली होती, जळमटात. कानाच्या दवाखान्याची. मंगळवार, बारा तारीख, चार वाजता. वर नाव माझं.

हिला काही झालेलं नाही, हे मला आधी कळलं आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. बाकीचं नंतर कळत गेलं. दुकानदाराचे मिटलेले डोळे, झांजा, काकांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेला बिनसाखरेचा चहा. दुकानदाराला मी काय काय बोललो ते या वहीत माझ्याच अक्षरात आहे. चिठ्ठी झटकली, फ्रिजवर लावली आणि त्यावर लोहचुंबक परत ठेवला. ही आली, तिने बघितलं, पिशवी खाली ठेवली. मी म्हटलं, ही तारीख गेली, दुसरी घे.

रविवार, ३१

काल चार वाजता कार्यक्रम झाला. ठरवल्याप्रमाणे खुणांवर लक्ष ठेवलं. मास्तरांची मान, भाचीची काडी, बेसवाल्याची टाच, गायिकेची दोन बोटं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकही खूण कोणी दुसऱ्या कोणाला केली नाही. सगळ्या माझ्याकडे होत्या. बेसवाल्याचा तर बूट झिजला असेल. काका पहिल्या रांगेत, पुढच्या कठड्यावर तळवा ठेवून बसले होते, आणि मेव्हणा त्यांच्या शेजारी, कानांत बोटं घालून, तोंडभर हसत.

मध्यंतरात मास्तरांना म्हटलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? त्यांनी पुन्हा समोर उभं राहून, शब्द सुटे करून सांगितलं, "वर्ष झालं असेल. कितीही जोरात मारल्या तरी झांजा तुम्हाला पुरत नव्हत्या. जे हातांना कळेल आणि पायांना कळेल असं वाद्य शोधत होतो." मी म्हटलं, सरळ सांगायचं होतंत. "सांगितलं असतं तर तुम्ही काड्या फेकून गेला असता," म्हणाले. गेलो असतो.

आज सकाळी ही नवी वेळ घेऊन आली. मी दाढी करत होतो, ती मागे दारात उभी होती. "मंगळवारी, चार वाजता," म्हणाली. मग आत आली, माझ्या आणि आरशाच्या मध्ये उभी राहिली, आणि तोंडाकडे बघत सावकाश पुन्हा म्हणाली, "मंगळवारी. चार वाजता." पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. पण मी तसं बोललो नाही, दुसऱ्यांदाही ऐकून घेतलं.